गुंगी देणारा हात वेगळा हवा : फुफ्फुसाच्या दुर्बीण तपासणीबाबत खुले पत्र

प्रति,
मा. उपसंचालक, आरोग्य सेवा, नागपूर मंडळ व अकोला मंडळ
मा. अधिष्ठाता, विदर्भातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, विदर्भातील सर्व अकरा जिल्हे

विषय : ब्राँकोस्कोपीच्या वेळी गुंगीचे औषध देण्यासाठी व श्वासावर लक्ष ठेवण्यासाठी स्वतंत्र व्यक्ती नेमण्याबाबत

महोदय/महोदया,

ब्राँकोस्कोपी, म्हणजे फुफ्फुसाची दुर्बीण तपासणी, आता नागपूर-सेवाग्रामच्या पलीकडे जिल्ह्याच्या ठिकाणीही होऊ लागली आहे. थुंकीत टीबीचे जंतू सापडत नाहीत पण एक्स-रेवर डाग आहे, खोकल्यातून रक्त पडतंय, गाठ कर्करोगाची आहे की काय ते कळत नाही, अशा रुग्णाला पूर्वी दीडदोनशे किलोमीटर लांब पाठवावं लागे. दुर्बीण जवळ आली याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण तिच्यासोबत गुंगी देण्याची नीट व्यवस्था आली नाही. अनेक ठिकाणी जो डॉक्टर दुर्बीण धरतो तोच मान वळवून "सिस्टर, अजून एक एमएल द्या" असं सांगतो. सिस्टर एका हाताने बायोप्सीचा चिमटा सांभाळतात आणि दुसऱ्या हाताने औषध देतात. मॉनिटरकडे पाहायला कोणीच मोकळं नसतं.

आमची मुख्य मागणी एकच आहे. ज्या खोलीत ब्राँकोस्कोपीसाठी गुंगी दिली जाते, तिथे एक प्रशिक्षित व्यक्ती फक्त गुंगी आणि श्वास यांच्यासाठी असावी. तिने नमुन्याच्या बाटल्यांवर लेबलं लावू नयेत, चिमटा धरू नये, फोन घेऊ नये. दुर्बीण धरणारा, त्याला मदत करणारा आणि श्वास पाहणारा, अशी किमान तीन माणसं लागतात. तिसरं माणूस नसेल त्या दिवशी शिरेतून गुंगी द्यायचीच नाही. घसा-श्वासनळी बधिर करून होईल तेवढंच करायचं, नाहीतर तारीख पुढे ढकलायची. असा लेखी आदेश आपण काढावा. प्रत्येक ठिकाणी भूलतज्ज्ञ मिळणार नाही हे आम्ही जाणतो. हाक मारली की रुग्ण उत्तर देईल इतक्या मध्यम गुंगीसाठी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) नीट चालवता येणारा, प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर पुरतो. प्रोपोफॉल हे शिरेतून द्यायचं भुलीचं औषध मात्र भूलतज्ज्ञाशिवाय कोणी हातात घेऊ नये. गुंगी आणि श्वास थांबणं यांतलं त्याचं अंतर फार कमी आहे आणि त्यावर उतारा नाही.

हे माणूस वेगळं का हवं, ते नीट समजून घ्यायला हवं. रुग्णाच्या नाकाला मिनिटाला २ ते ४ लिटर ऑक्सिजन लावलेला असतो. अशा वेळी श्वास मंदावला, अगदी थांबला, तरी बोटावरचं यंत्र काही काळ ९८-९९ दाखवत राहतं, कारण फुफ्फुसात ऑक्सिजनचा साठा असतो. आकडा खाली यायला लागतो तोवर मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. टीबीने किंवा धुळीने खराब झालेल्या फुफ्फुसात तर साठाच कमी, म्हणून एकदा आकडा घसरला की धडाधड घसरतो. त्यात दुर्बिणीने श्वासनळीतली काही जागा अडवलेली असते आणि सक्शन दाबलं की कफाबरोबर हवाही ओढली जाते. कॅप्नोग्राफ, म्हणजे सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, श्वास थांबल्याचं काही सेकंदांत दाखवतं. नाकातल्या नळीला जोडायचा साइडस्ट्रीम कॅप्नोग्राफ प्रत्येक ब्राँकोस्कोपी खोलीत असावा. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या खाणीच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे आणि आरोग्य हे त्याच्या अग्रक्रमाचं क्षेत्र आहे. घुग्गुस-वणीच्या पट्ट्यातल्या फुफ्फुसांसाठी तो निधी वापरायला याहून चांगलं कारण आम्हाला सुचत नाही. यंत्र येईपर्यंत छातीवरचं कापड बाजूला करून श्वास मोजावेत आणि गळ्याच्या खाचेवर स्टेथोस्कोप ठेवून हवेचा आवाज ऐकत राहावं. याला पैसे लागत नाहीत, मोकळा माणूस मात्र लागतो.

आता औषधांचं. सर्वांत जास्त गफलत गुंगीच्या औषधात होत नाही, ती बधिर करण्याच्या औषधात होते, म्हणून आधी लिग्नोकेनचा हिशेब मांडतो. सगळे मार्ग मिळून वजनाच्या किलोमागे ८ मिलिग्रॅम ही मर्यादा धरावी. आपल्याकडचा जुना टीबीचा रुग्ण अनेकदा ४० किलोचाच असतो. त्याची मर्यादा झाली ३२० मिग्रॅ. १० टक्क्यांच्या स्प्रेच्या एका फवाऱ्यात १० मिग्रॅ असतं. घशात दहा फवारे मारले की १०० गेले. नाकात २ टक्क्यांची जेली ५ मिली घातली की आणखी १००. उरले १२०. स्वरयंत्रावर, श्वासनळीत आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या नळ्यांत दुर्बिणीतून दोन-दोन मिली सोडत गेलं तर सहज १२ मिली लागतात. ते द्रावण १ टक्क्याचं असेल तर बरोबर १२० मिग्रॅ होतं आणि आपण मर्यादेत राहतो. तेच २ टक्क्यांचं असेल तर २४० होतं, एकूण ४४०, म्हणजे किलोमागे ११. त्याआधी कोणी सवयीने ४ टक्क्यांचं ५ मिली नेब्युलायझरने दिलेलं असेल तर त्यात २०० मिग्रॅची भर. नेब्युलायझरमधलं बरंचसं हवेत जातं आणि घशातलं काही थुंकलं जातं, हे खरं. पण किती शरीरात गेलं ते मोजता येत नसेल तर सगळं गेलं असंच धरावं लागतं.

म्हणून नेब्युलायझरने लिग्नोकेन देणं बंद करावं आणि दुर्बिणीतून १ टक्क्याचंच वापरावं. काम तेवढंच होतं. २ टक्क्यांच्या वायलीत तेवढंच नॉर्मल सलाइन मिसळलं की १ टक्का तयार. एड्रिनलीन घातलेली वायल जवळपास तशीच दिसते, ती या खोलीत ठेवूच नये. तपासणी सुरू करण्यापूर्वीच वजनाला आठने गुणून आकडा फळ्यावर लिहावा आणि प्रत्येक सिरिंजबरोबर त्यातून वजा करत जावं. यासाठी रुग्णाचं वजन आधी झालेलं हवं. केसपेपरवर वजनाची चौकट रिकामी असेल तर रुग्ण आत घेऊ नये. यकृत बिघडलेल्यांत आणि वयस्कांत मर्यादा याहून खाली आणावी. जास्त लिग्नोकेनची पहिली लक्षणं म्हणजे जिभेला धातूची चव, ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, अडखळती बोली. गुंगीतला रुग्ण यातलं काही सांगू शकत नाही. तिथे पहिलं लक्षण म्हणून थेट झटकाच दिसतो. २० टक्के लिपिड इमल्शनची, म्हणजे शिरेतून द्यायच्या स्निग्ध द्रावणाची, बाटली खोलीत हवी ती यावर उतारा म्हणूनच. पहिला डोस किलोमागे १.५ मिली.

गुंगीसाठी आजही बऱ्याच ठिकाणी फोर्टविन-फेनर्गनची जोडी दंडात टोचली जाते, सोबत अॅट्रोपिन. ही पद्धत थांबवा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. स्नायूत दिलेलं औषध कधी आणि किती चढेल याचा नेम नसतो, त्यामुळे थोडं थोडं देऊन अंदाज घेण्याची सोयच राहत नाही. फेनर्गनची गुंगी तपासणी संपल्यावरही कित्येक तास राहते आणि तिला उतारा नाही. रुग्ण दुपारी बाकावर झोपलेला दिसतो आणि "आराम करतोय" म्हणून कोणी पाहत नाही. अॅट्रोपिन सरसकट देण्याची तर गरजच नाही.

त्याऐवजी शिरेतून मिडाझोलम हे गुंगीचं औषध आणि लागलं तर फेन्टानिल हे अफूच्या गटातलं वेदनाशामक. साठीच्या आतल्या, बऱ्या तब्येतीच्या रुग्णाला मिडाझोलम १ ते २ मिग्रॅ, सावकाश. त्याहून वयस्क, अशक्त किंवा दमेकऱ्याला अर्धा ते १ मिग्रॅ. मग थांबायचं. घड्याळाकडे पाहून पूर्ण दोन-तीन मिनिटं थांबायचं, कारण औषधाचा जोर चढायला तेवढा वेळ लागतोच. पुढचा डोस अर्धा ते १ मिग्रॅचा. ५ मिग्रॅच्या पुढे सहसा जाऊ नये आणि साठीपुढच्यांत ३.५ च्या पुढे तर नाहीच. फेन्टानिल वापरणार असाल तर ते आधी द्यावं, २५ मायक्रोग्रॅम. पुन्हा लागलं तर तेवढंच. दोन्ही औषधं एकमेकांचा जोर वाढवतात, म्हणून दोन्ही देताना मिडाझोलम कमी करावं. मिडाझोलम बाजारात १ मिग्रॅ प्रति मिली आणि ५ मिग्रॅ प्रति मिली अशा दोन्ही ताकदींत मिळतं. "एक एमएल द्या" या तोंडी हुकमाचा अर्थ एका वायलीत १ मिग्रॅ तर दुसऱ्या अँप्युलमध्ये ५ मिग्रॅ. ब्रिटनमध्ये याच घोळामुळे २००८ साली देशभर सूचना निघाली आणि अशा खोल्यांतून जास्त ताकदीचं मिडाझोलम काढून घेण्यात आलं. आपणही खरेदीच्या यादीत या खोलीसाठी १ मिग्रॅ प्रति मिली एवढंच ठेवावं आणि हुकूम मिलीत न देता मिलिग्रॅममध्येच द्यावा.

फेन्टानिल अनेक रुग्णालयांत ऑपरेशन थिएटरच्या कुलुपात असतं आणि किल्ली थिएटरबाहेर जात नाही. अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ते ठेवणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. ज्या जिल्हा रुग्णालयांनी ती मान्यता घेतली नसेल त्यांनी घ्यावी, आणि दुर्बीण खोलीसाठी वेगळं कुलूप व वेगळी नोंदवही ठेवावी.

उतारे मात्र कुलुपात नकोत, टेबलावर हवेत. मिडाझोलमसाठी फ्लुमाझेनिल ०.२ मिग्रॅ, मग गरजेप्रमाणे दर मिनिटाला ०.१ ते ०.२, एकूण १ मिग्रॅपर्यंत. फेन्टानिलसाठी नॅलॉक्सोन, ०.४ मिग्रॅची अँप्युल १० मिली सलाइनमध्ये मिसळून एक-एक मिली. दोन्ही उतारे मूळ औषधाआधीच ओसरू शकतात आणि रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, म्हणून उतारा दिलेल्या रुग्णाला निदान दोन तास नजरेआड करू नये. आणि उतारा शोधत बसण्याआधी हवा द्यायची असते. दुर्बीण बाहेर, जबडा पुढे, मास्क घट्ट, अंबू बॅगने दर पाच-सहा सेकंदाला एक श्वास. हे सुरू झाल्यावर दुसऱ्याने अँप्युल फोडावी.

सगळ्यांत घातक चूक कोणती असं विचाराल तर ती अशी. तपासणी चालू असताना रुग्ण अचानक हातपाय झाडू लागतो, दुर्बीण ओढायला जातो. खोलीतले सगळे म्हणतात, गुंगी कमी पडली. आणखी मिडाझोलम जातं आणि रुग्ण शांत होतो. पण हा तडफडाट ऑक्सिजन कमी पडल्याचा, लघवी तुंबल्याचा किंवा मिडाझोलमनेच उलटी प्रतिक्रिया दिल्याचाही असतो. ऑक्सिजन कमी पडून तडफडणाऱ्याला गुंगी दिली की तो शांत होतो तो श्वास मंदावल्यामुळे. नियम असा हवा : रुग्ण खवळला तर आधी आकडा आणि छाती पाहा, ऑक्सिजन वाढवा, दुर्बीण मागे घ्या, औषध सर्वांत शेवटी. हे पाहायला मोकळं माणूस हवं, म्हणून आम्ही त्याच मागणीवर पुन्हा पुन्हा येतोय.

टीबीच्या रुग्णांत आणखी एक गुंता आहे. रिफाम्पिसिन चालू असेल तर यकृत मिडाझोलम लवकर निकालात काढतं. डोस लागू पडत नाहीसं वाटतं आणि हात सैल सुटतो. याउलट एचआयव्हीसाठी रिटोनाविर किंवा बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल चालू असेल तर तोच डोस लांबतो. रोज मोहाची घेणाऱ्याला जास्त औषध लागेलसं वाटतं, पण त्याचं यकृत लिग्नोकेन सोसायला कच्चं असतं. म्हणून चालू औषधांची आणि दारूची चौकशी केसपेपरवर लिहिलेली हवी.

बाहेरून आलेली नियमावली जशीच्या तशी लावली तर विदर्भातल्या दोन गोष्टी हमखास सुटतात. पहिली खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्यांच्या गालाची आतली बाजू ताठ होते आणि तोंड उघडत नाही. अशा रुग्णाला गुंगीत श्वास थांबला तर तोंडात नळी घालता येत नाही, स्वरयंत्रावर बसणारा मास्कही आत जात नाही. म्हणून प्रत्येकाचं तोंड आदल्या दिवशीच उघडून पाहावं. त्याची स्वतःची तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर भूलतज्ज्ञ हजर असल्याशिवाय गुंगी नको. एकच जात असेल तर आमच्या मते जिल्ह्याच्या ठिकाणी गुंगी देऊच नये. फक्त बधिर करून नाकावाटे तपासणी करावी किंवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावं. अशांसाठी नाकातून घालायचे एअरवे, ६ आणि ७ नंबरचे, टेबलावर काढून ठेवावेत. सकाळी गालात खर्रा धरून आलेल्याला चूळ भरायला लावावी आणि दाढेमागे बोट फिरवून पाहावं. तिथला सुपारीचा तुकडा थेट श्वासनळीत जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार घरोघरी माहीत आहे. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे आणि अनेकांकडे तपासणीचं कार्ड असतं. ते मागावं. कार्ड नसेल तर चाचणी करून घ्यावी. एसएस रुग्णाला (ज्याला आई आणि वडील दोघांकडून सिकलसेलचा दोष आला आहे) ऑक्सिजन कमी पडणं, पाणी कमी पडणं आणि थंडी या तिन्हींमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. मे महिन्यात धानोऱ्याहून पहाटे निघालेला उपाशी माणूस ४५ अंशांत येतो आणि थेट एसीच्या खोलीत जातो, तेव्हा तिन्ही गोष्टी एकाच वेळी होतात. त्याचा नंबर पहिला लावावा, आदल्या रात्री भरती करून सलाइन लावावं, पांघरूण द्यावं आणि ऑक्सिजन ९४ च्या खाली जाऊ देऊ नये.

उपाशीपणाबद्दलही चुकीचं सांगितलं जातं. जेवणाला सहा तास, तेलकट-मटणाला आठ, पण साध्या पाण्याला दोनच तास पुरतात. "रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही" हे सांगणं बंद व्हावं. मात्र दुधाचा चहा हा पाणी नव्हे, तो जेवणात मोडतो. बसस्टँडवर घेतलेला चहा रुग्ण सांगत नाही, कारण "काही खाल्लं का?" असं विचारलं की तो खरेपणाने "नाही जी" म्हणतो. "चहा कधी घेतला?" असं विचारावं.

मध्यम गुंगीची खूण म्हणजे हाक मारल्यावर मिळणारं उत्तर. पण धारणीचा कोरकू बोलणारा म्हातारा किंवा भामरागडची माडिया बोलणारी बाई "मामा, डोळे उघडा", "मावशी, श्वास घ्या" याला उत्तर देत नसेल, तर ती खोल गुंगी की न कळलेली मराठी? दोन्हीकडे चूक महाग पडते. म्हणून गुंगीपूर्वीच नातेवाइकाच्या किंवा आशाताईंच्या मदतीने त्यांच्या बोलीतले दोन शब्द ठरवून मनगटाच्या पट्टीवर लिहावेत आणि हात दाबण्याची खूण शिकवावी. त्याच वेळी नळी घशातून जाताना गुदमरल्यासारखं वाटेल पण श्वास चालू राहील, हेही सांगावं. समजावून सांगितलेल्या रुग्णाला औषध कमी लागतं.

शेंगदाणा, हरभरा श्वासनळीत अडकलेल्या लहान मुलांबद्दल एकच वाक्य : त्यांना ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात गुंगी देऊ नये, ऑक्सिजन लावून, आईच्या मांडीवर बसवून, ताबडतोब पुढे पाठवावं.

तपासणी झाल्यावर रुग्णाला निदान दोन तास निरीक्षणाखाली ठेवावं आणि घसा जागेवर येईपर्यंत तोंडाने काही देऊ नये. मग आधी पाण्याचा घोट. ठसका लागला तर आणखी थांबायचं. फुफ्फुसाचा तुकडा घेतला असेल तर तासाभराने एक्स-रे. चोवीस तास मोटारसायकल, विळा, मोटरपंपाची कळ यांना हात नाही. आणि सोबत कोणी नसेल, किंवा गावाची शेवटची एसटी निघून गेली असेल, तर रात्रभर खाट मिळाली पाहिजे. "डे-केअर" या शब्दाखाली अर्धवट गुंगीतला माणूस बसस्टँडवर सोडला जाऊ नये. दुर्बीण तपासणीच्या दिवशी दोन खाटा राखीव ठेवण्याचा आदेश आपल्या एका सहीने निघू शकतो.

शेवटी नोंदवही. प्रत्येक तपासणीला वजन, लिग्नोकेनचे एकूण मिलिग्रॅम, मिडाझोलम व फेन्टानिलची वेळ आणि मात्रा, ऑक्सिजनचा सर्वांत खालचा आकडा, उतारा लागला का, आणि श्वास पाहणाऱ्या व्यक्तीची सही, एवढे रकाने पुरेत. दर तीन महिन्यांनी छातीविकार आणि भूल विभागाने ती एकत्र बसून पाहावी. उतारा लागला म्हणून कोणावर कारवाई होणार नाही हे आदेशातच लिहावं, नाहीतर वहीत तो रकाना कायम कोराच राहील.

दुर्बीण खोलीत काम करणाऱ्या डॉक्टर आणि परिचारिकांना अंबू बॅग, एअरवे आणि औषधांच्या हिशेबाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यायला आमच्यातले भूलतज्ज्ञ कोणत्याही जिल्ह्यात यायला तयार आहेत. मॅनिकिन आणि वहीचा नमुना आम्ही सोबत आणू. कोणत्या जिल्ह्यापासून सुरुवात करायची ते आपण कळवावं.

आपले,
विदर्भातील शासकीय व धर्मादाय रुग्णालयांत काम करणारे छातीविकार तज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका